थीसिसमधला 'मी' कुठे जातो?

"मराठी मीडियमचा ना, मग इंग्रजी थीसिस कच्चाच असणार." हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले. अहो, ग्रामर सगळं नीट करून दिलं तरी लिखाण घाबरलेलंच वाटतं, त्याचं काय?

केन हायलंड या भाषाशास्त्रज्ञाने हाँगकाँगमधल्या विद्यार्थ्यांचे 64 रिपोर्ट तपासले, त्यात त्याने 'मी', 'आम्ही' हे शब्द कुठे येतात ते शोधलं आणि छापून आलेल्या शोधनिबंधांशी ताडून पाहिलं. हे काम 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. आता गंमत बघा, इंग्रजीत 'मी' म्हणजे एकच अक्षर, पहिलीतलं पोरगंही लिहील. पण त्याची कामं वेगवेगळी असतात. 'मी मुलाखती घेतल्या' यात धोका काहीच नाही, झालं ते सांगितलं. 'माझ्या मते याचं कारण हे आहे' म्हटलं की ते चुकलं तर आपल्या अंगावर येतं. हाँगकाँगची ती पोरं पहिल्या ठिकाणी 'मी' लिहितात आणि नेमकं दुसऱ्या ठिकाणी गायब होतात. हायलंड त्यांच्याशी बोलला तेव्हा कळलं की 'मी' म्हणण्याचा अधिकार आपला आहे असंच त्यांना वाटत नव्हतं. (सायन्समध्ये मुळात 'मी' कमीच वापरतात, समाजशास्त्र वगैरेत जास्त, तेव्हा सगळ्यांना एकच माप लावू नका.)

चीनमधून अमेरिकेत शिकायला गेलेल्या फॅन शेन यांनी 1989 मध्ये स्वतःचाच अनुभव लिहिलाय. शिक्षक सांगायचे, जसा आहेस तसं लिही. पण ते वाढले तिथे 'आम्ही' मोठं आणि 'मी' त्याच्या मागे. मग त्यांनी दोन रकान्यांची यादी केली, एकीकडे चिनी 'मी' कसा लिहितो, दुसरीकडे इंग्रजी 'मी', आणि लिहिताना एकातून निघून दुसऱ्यात शिरायचा सराव केला. हे काही ग्रामरच्या पुस्तकातून होणारं काम नाही.

आपल्याकडेही होस्टेलवर रात्री चहा पिताना पोरगी तावातावाने सांगते, "मला नाही पटत, त्या अभ्यासात सगळे शहरातलेच लोक विचारलेत." सकाळी लॅपटॉपवर तेच 'असे दिसून येते' होऊन बसतं, कारण रात्री समोर मैत्रीण होती आणि आता डोळ्यासमोर गाईड सर आहेत. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीच्या जाहिराती आणि ते ग्रामर सुधारणारं अ‍ॅप वाक्य गुळगुळीत करून देतील, पण "मला नाही पटत" कुठून आणणार?

मी तर पोरींना सांगते, ते रात्रीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, मराठीतच, आणि सकाळी आधी ते ऐका, मग टाइप करायला बसा.