विधेयक समितीकडे गेले आहे? मग बोलायला अजून वेळ आहे
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

अधिवेशन सुरू असले की आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो : ‘दुकानदारांसाठी नवा कायदा झाला म्हणे. आता परवाना पुन्हा काढायचा का?’ बहुतेक वेळा कायदा झालेलाच नसतो. विधेयक मांडलेले असते, कधी तर नुसता मंत्रिमंडळाचा निर्णय असतो, आणि कोणीतरी बातमीचे कात्रण ग्रुपवर टाकलेले असते. एखादे विधेयक विधिमंडळाच्या समितीकडे गेले, तर तिथे त्याचे काय होते आणि त्या काळात तुम्ही काय करावे, एवढेच या पत्रकात सांगितले आहे. विधेयक संमत झाले, राजपत्रात आले, की आमच्यासारख्या सल्लागाराच्या हातात अर्ज भरून देण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

विधेयक समितीकडे कधी जाते?

सरसकट जात नाही. संसदेत खात्यांनुसार २४ स्थायी समित्या आहेत. केरळ विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत आणि विधेयक त्यांच्या हाताखालून जाणे हा तिथला नेहमीचा क्रम आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात विधेयक मांडतात, चर्चा होते, एकेक खंड (विधेयकातले कलम) मताला टाकतात आणि विधेयक संमत होते. हे सगळे काही दिवसांत, कधी कधी एका बैठकीतही उरकते. विरोध जोरात असला किंवा सत्ताधारी बाकांवरच कुरबूर असली, तर विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव येतो. वर्तमानपत्रे तिला ‘संयुक्त चिकित्सा समिती’ म्हणतात. आमच्या मते धंद्यावर बंधन घालणारे प्रत्येक विधेयक या चाळणीतून जायला हवे. पण ते ठरवणे आपल्या हातात नाही.

अलीकडचे एक उदाहरण धंद्यातल्या माणसाला चटकन कळेल असे आहे. २०२३ मध्ये बियाणे, खते आणि कीटकनाशकांच्या विक्रीसंबंधीची ४० ते ४४ क्रमांकांची विधेयके आली. निकृष्ट मालाने फसलेल्या शेतकऱ्याला भरपाई मिळावी, विकणाऱ्याला जरब बसावी, हा हेतू. त्यातल्या ४४ क्रमांकाच्या विधेयकाने असा माल विकणाऱ्याला थेट एमपीडीए कायद्यात, म्हणजे झोपडपट्टी गुंड आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करणाऱ्या कायद्यात आणायचे योजले होते. कृषी सेवा केंद्रचालकांचे म्हणणे साधे होते : आम्ही कंपनीचा सीलबंद माल विकतो, पाकीट फोडून आत काय आहे ते आम्ही कसे तपासणार? २ ते ४ नोव्हेंबर २०२३ या तीन दिवसांत राज्यभर दुकाने बंद राहिली. बंदने लक्ष वेधले जाते, हे खरे. पण ही विधेयके संयुक्त समितीकडे गेलेली होती, आणि अशा समितीच्या टेबलावर कामाला येते ते वेगळेच : सील न फोडता माल विकणारा दुकानदार आणि तो माल बनवणारा कारखाना यांची जबाबदारी निरनिराळी करणारे, खंडात जसेच्या तसे घालता येईल असे एक वाक्य.

समितीच्या बैठकीत काय होते?

अध्यक्षपद बहुधा मंत्र्याकडे असते. सदस्य दोन्ही बाजूंचे आणि दोन्ही सभागृहांतले असतात. सोबत संबंधित खात्याचे सचिव आणि विधी व न्याय विभागाचे अधिकारी बसतात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे सदस्य इथे पुष्कळदा शांतपणे मजकुरावर बोलतात. आधी खाते विधेयकामागचे कारण सांगते. मग जनतेकडून सूचना मागवल्या जातात. समितीला वाटले तर व्यापारी संघटना, कामगार संघटना, जाणकार यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले जाते. त्यानंतर खंडागणिक वाचन सुरू होते.

खरी झटापट व्याख्यांच्या खंडात असते, आणि नेमके तेच पान लोक उलटून पुढे जातात. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ घ्या. त्यात १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी आणि त्याहून कमी असतील तर नुसती माहिती कळवणे, अशी विभागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर न्यायला आणि कामाचे रोजचे तास ९ चे १० करायला मंजुरी दिली. बातमी वाचून सगळ्यांनी २० हा आकडा लक्षात ठेवला. पण मोजायचे कोणाला? या कायद्यातल्या ‘कामगार’ शब्दात एजन्सीमार्फत आलेला माणूसही येतो. शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा उमेदवार येत नाही. पगारपत्रकावर १५ नावे आणि एजन्सीची ६ माणसे असतील, तर तुम्ही २० च्या वर गेलात. मर्यादेचा आकडा जाहिरातीत शोभतो, बोजा व्याख्या ठरवते.

समितीलाही कुंपण असते. विधेयकाच्या कक्षेबाहेरची सुधारणा तिला सुचवता येत नाही. सुधारणा विधेयक मूळ कायद्याच्या तीन कलमांपुरते असेल, तर चौथ्या कलमाबद्दलचे तुमचे जुने दुखणे, कितीही रास्त असो, तिथे सहसा चालत नाही. आणि समितीची शिफारस सभागृहाला बांधून ठेवत नाही.

अहवाल येतो तेव्हा

काम संपले की समिती अहवाल आणि सुधारलेले विधेयक सभागृहात ठेवते. ज्यांना पटले नाही ते सदस्य भिन्नमतपत्रिका जोडतात. त्या अवश्य वाचा. खंडातली कच्ची जागा अहवालापेक्षा तिथे मोकळेपणाने लिहिलेली सापडते. मुदतीत काम झाले नाही तर मुदतवाढ मागितली जाते, आणि ते वारंवार घडते.

किती सूचना आल्या आणि किती बदल झाले याचे गणित मात्र जुळेलच असे नाही. बेकायदा कृत्ये करणाऱ्या संघटनांविरुद्धचे राज्याचे जनसुरक्षा विधेयक धंद्याचे नव्हते, पण समितीचे काम कसे चालते हे त्यात दिसले. डिसेंबर २०२४ मध्ये ते संयुक्त समितीकडे गेले, चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष होते. १२ हजारांहून जास्त सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक संमत झाले तेव्हा ठळक बदल मोजकेच होते. विधेयकाचा रोख आधी व्यक्ती आणि संघटना असा मोघम होता, तो कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांपुरता केला गेला. तपासाचे काम उपनिरीक्षकाऐवजी पोलीस उपअधीक्षकाच्या पातळीवर गेले. टीकाकारांचे समाधान झाले नाही, हेही खरे. आमच्या दृष्टीने घेण्यासारखी गोष्ट ही की बदलल्या त्या नेमक्या जागा : कोणाला लागू आणि कोणता अधिकारी कारवाई करणार. धंद्याच्या विधेयकातही हेच दोन प्रश्न सगळ्यात आधी विचारावेत.

हेच विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये मांडले गेले होते. विधानसभेची मुदत संपली की तिथे पडून राहिलेले विधेयक आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपते, म्हणून नव्या विधानसभेत ते पुन्हा मांडावे लागले. तेव्हा निवडणुकीच्या तोंडावर मांडलेल्या विधेयकासाठी दुकानात लगेच खर्च करू नका.

समितीला वळसा कधी पडतो?

अध्यादेशाने. अधिवेशन नसताना राज्यपाल अध्यादेश काढू शकतात आणि तो लगेच कायद्यासारखाच लागू होतो. अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा घेणारा कायदा झाला नाही तर तो संपतो. वर सांगितलेला दुकाने कायद्यातला २०२५ चा बदल याच वाटेने आला. अशा वेळी सूचना देण्याची सवड जवळजवळ नसते. अध्यादेश निघाला असे कळले की वाट न पाहता आम्हाला फोन करा.

एरवी दोन्ही सभागृहांनंतर राज्यपालांची संमती लागते. कामगारांसारखा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत असल्याने केंद्राच्या कायद्याशी विरोध येत असेल तर राष्ट्रपतींपर्यंत जावे लागते. त्यानंतरही अंमल केव्हापासून हे अधिसूचना सांगते. २०१७ चा दुकाने कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि त्याचे नियम २०१८ मध्ये आले. विधेयकाच्या शेवटी, कोणत्या गोष्टी नियमांवर सोडल्या आहेत हे सांगणारे एक ज्ञापन असते. फी, नमुने, नोंदवह्या हे बहुधा त्यात ढकललेले असते. त्यावर समितीत कोणी भांडत नाही आणि नंतर खिसा तिथेच रिकामा होतो.

सूचना कशी लिहायची?

‘हा कायदा व्यापाऱ्यांवर अन्याय करणारा आहे, तो मागे घ्यावा’ असे पत्र नोंदवले जाते आणि बाजूला पडते. त्याऐवजी असे लिहा : ‘खंड ७, पोटखंड (२) मध्ये “तीस दिवसांत” याऐवजी “नव्वद दिवसांत” असे घालावे. कारण, माझ्याकडे ११ माणसे आहेत, हिशेब बाहेरचा लेखनिक महिन्यातून एकदा येऊन लिहितो; तीस दिवसांत विवरणपत्र भरणे त्याला शक्य होत नाही.’ विधेयकाचा क्रमांक आणि वर्ष वर लिहा. एका पानावर एकच खंड घ्या. कामगारांचे नुकसान न करता बदल कसा होईल हे एका ओळीत सांगितलेत तर दुसऱ्या बाजूच्या सदस्यालाही तो उचलून धरता येतो. संघटनेचे छापील पत्र शेकडो सह्यांनी पाठवण्यापेक्षा आपापल्या दुकानाचे वेगवेगळे दाखले दिलेली थोडी पत्रे आम्हाला बरी वाटतात. पत्र विधानमंडळ सचिवालयाला पाठवा, प्रत तुमच्या आमदाराला द्या आणि ते समितीत असतील तर प्रत्यक्ष भेटा. सूचना मागवणाऱ्या जाहिरातीतली मुदत पाळा.

विधेयकाची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळते. तुमच्या धंद्याशी संबंधित विधेयक असेल तर आम्ही ती काढून, लागू होणारे खंड खुणा करून देतो. येताना मागच्या काही महिन्यांचे हजेरीपत्रक आणि एजन्सीची बिले आणा, सूचनेत लिहायचे आकडे त्यातूनच निघतात. मसुदा आम्ही करून देऊ. सही आणि दुकानाचा पत्ता तुमचाच लागेल.