धावपटूचा बूट मकरपुऱ्यात

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतून रोज सकाळी कुणी ना कुणी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, नाहीतर कोयलीच्या रिफायनरीत ड्यूटीला निघतं. पायात सेफ्टी शूज. जुना सेफ्टी बूट म्हणजे जाड चामडं, पुढे लोखंडी टोपी आणि कडक सोल. बडोद्याच्या मे महिन्यात तो दिवसभर घालवत नाही, आणि काढून ठेवलेला बूट कुणाचंही बोट वाचवत नाही. खेळाचे बूट बनवणाऱ्यांचं ज्ञान उपयोगी पडलं ते इथे.

जपानची ॲसिक्स हे त्याचं चांगलं उदाहरण. किहाचिरो ओनित्सुका यांनी १९४९ मध्ये कोबे शहरात ही कंपनी काढली, तेव्हा तिचं नाव ओनित्सुका होतं. बास्केटबॉलपटूंचे पाय घसरू नयेत म्हणून त्यांनी ऑक्टोपसच्या चूषकांसारखा खोलगट सोल केला. १९८६ पासून टाचेत धक्का शोषणारं मऊ जेल आलं. आज हीच कंपनी ‘विनजॉब’ नावाने कामगारांसाठी बूट बनवते.

पण मैदानातला सोल जसाच्या तसा कारखान्यात चालत नाही. धावताना पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो, तोही क्षणभरच. पुढच्या पावलापर्यंत फोम पुन्हा फुलतो. लेथपाशी उभ्या माणसाचा फोम तासन्‌तास दबलेला राहतो. फार मऊ असेल तर तो कायमचाच बसतो, म्हणून तो थोडा घट्ट घ्यावा लागतो. खाली तेल सांडलेलं असतं, त्यामुळे सोलच्या खाचांमधून तेलाला बाहेर पडायला वाट हवी.

सगळ्यात अवघड जागा पुढची. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सेफ्टी बुटाच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायला हवा, म्हणजे साधारण एक मीटरवरून पडलेलं २० किलोचं वजन. चाचणीत टोपीखाली मातीचा छोटा दंडगोल ठेवतात. आघातानंतर युरोपीय ४१-४२ नंबरच्या बुटात त्याची उंची किमान १४ मिलिमीटर उरली पाहिजे. बोटांना तेवढी जागा मिळते. टोपी वाकत नाही, पाय मात्र चवड्यापाशी दर पावलाला वाकतो. टोपीची मागची कड त्या रेषेवर आली की बोटं सोलवटतात. चवडा नेमका कुठे दुमडतो याचा अभ्यास धावण्याच्या बुटांसाठी आधीच झालेला होता, आणि माझ्या मते जेलपेक्षाही हीच शिदोरी मोलाची.

खिळा पायात घुसू नये म्हणून तळात पोलादी पत्रा असतो. त्याऐवजी आता मजबूत धाग्यांचं विणलेलं अस्तरही घालतात. बूट हलका होतो, छान वाकतो. मात्र बारीक खिळा धाग्यांमधून शिरू शकतो, म्हणून बांधकामावर पत्राच बरा.

रिफायनरीत भीती ठिणगीची. अँटिस्टॅटिक बुटाचा विद्युतरोध १०० किलोओम ते १००० मेगाओमच्या दरम्यान ठेवतात. त्यामुळे अंगावर साचलेला विद्युतभार हळूहळू जमिनीत उतरतो, आणि चुकून वायरला हात लागला तर झटक्यापासूनही थोडं संरक्षण मिळतं.

आपल्याकडे विकत घेताना बुटावर आयएस १५२९८ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआयची खूण पाहावी. बुटावर एकदा जड वस्तू पडली, की वरून धड दिसला तरी तो बदलावा. आतली टोपी दबलेली किंवा तडकलेली असू शकते.