आयर्लंडचा झाडपाला आणि शाळकरी पोरांच्या वह्या

आयर्लंडच्या पुराणकथांत डियान केख्ट हा देवांचा वैद्य. मुलगा मियाख आपल्याहून सरस निघाला, म्हणून त्याने त्याला ठार मारलं. मियाखच्या थडग्यावर ३६५ वनस्पती उगवल्या. बहीण आर्मेदने त्या गुणांप्रमाणे आपल्या अंगरख्यावर निवडून मांडल्या, तर बापाने येऊन सगळ्या कालवून टाकल्या.

प्रत्यक्षातल्या वैद्यांची मात्र घराणी होती. ओ'हिकी हे आडनावच मुळी ‘वैद्य’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. कॅसिडी हे फर्माना परगण्याच्या मॅग्वायर सरदारांचे वैद्य. लॅटिन वैद्यकग्रंथ या घराण्यांनी आयरिश भाषेत आणले, बदल्यात त्यांना जमिनी मिळत. सतराव्या शतकात इंग्रजांपुढे गेलिक (मूळचे आयरिश) सरदार हरले, आश्रय गेला आणि ही पोथीतली विद्या ओसरली.

बांधावरचं तण मात्र कुणाच्या आश्रयाने वाढत नव्हतं. नेटल या खाजऱ्या झुडपाने अंगाची आग झाली की डॉकचं पान चोळायचं (हा डॉक आपल्या चुक्याचा भाऊबंद). त्याच नेटलची कोवळी पानं मे महिन्यात तीनदा खाल्ली की रक्त शुद्ध होतं, अशी समजूत. इसबगोलाच्या कुळातल्या प्लँटेनचं आयरिश नाव स्लॉनलुस, म्हणजे बरं करणारी वनस्पती; कापलं की तिचा पाला चावून जखमेवर बांधत. क्षयाने एकोणिसाव्या शतकात घरंच्या घरं पोखरली, तेव्हा लोक मलिन (mullein) नावाच्या वनस्पतीची पानं दुधात उकळून पीत. ती बागेत मुद्दाम लावतही. क्लेअर परगण्यातली बिडी अर्ली (मृत्यू १८७४) या काळातली सर्वांत गाजलेली वैदू. पण लोकांच्या आठवणीत तिचा पाला कमी आणि भविष्य दाखवणारी निळी बाटलीच जास्त राहिली, हे जरा खटकतं.

१९३५मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात त्याने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना कामाला लावलं: घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून आणा. गावठी औषधं हा त्यातलाच एक विषय. डियान केख्टने कालवलेला ढीग जणू पोरं निवडायला बसली. डॉक्टरची फी परवडत नव्हती त्या घरांतलं हे ज्ञान, त्यामुळे ते एकसारखं नाहीच: एका वहीत डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या तणाचा चीक चामखिळीवर लावायला सांगितलाय, दुसरीत त्याच झाडाचा काढा हृदयासाठी, तिसरीत खोकल्यावर.