गाडीला किती अश्वशक्ती लागते? एका हिशेबाची पार्श्वभूमी

नौपाडा असो की घोडबंदर रोड, ठाण्यातल्या कुठल्याही अकरावीच्या क्लासमध्ये ‘कार्य, ऊर्जा आणि शक्ती’ सुरू झालं की एक गणित हमखास फळ्यावर येतं. 1000 किलोची गाडी 10 सेकंदांत शून्यावरून ताशी 100 किलोमीटरवर गेली, तर इंजिनाची सरासरी शक्ती किती? गतिज ऊर्जा साधारण 386 किलोज्यूल, भागिले 10, म्हणजे 38.6 किलोवॅट, जवळपास 52 अश्वशक्ती. मुलं उत्तराला चौकट करून पुढे जातात. यात घोडा आला कुठून, हे सांगायचं राहून जातं, आणि तेच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

घोडा आला तो मोबदल्याच्या वादातून. जेम्स वॅट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन खाणींना पाणी उपसायची वाफेची इंजिनं देत, तेव्हा न्यूकोमेनच्या जुन्या वाफेच्या इंजिनाच्या मानाने जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश ते घेत. 1780च्या दशकात गिरण्यांची चाकं फिरवणारी इंजिनं आली आणि ही पद्धत अडली. तिथे आधी इंजिन नव्हतंच, घोडे होते. मग घोड्याचंच काम मोजणं भाग पडलं. आपल्या तेलघाण्याच्या बैलासारखा हा घोडा गोल फिरायचा: त्रिज्या 12 फूट, तासाला 144 फेऱ्या, ओढ 180 पौंडांची. गुणाकार केला की मिनिटाला सुमारे 32,572 फूट-पौंड येतात. वॅटने सरळ 33,000 धरले. आजची एक अश्वशक्ती, म्हणजे 746 वॅट, ती हीच. विद्यार्थी ज्याला ‘बल गुणिले वेग’ म्हणून पाठ करतात, ते सूत्र या फेऱ्यांमध्ये पूर्ण दिसतं.

‘कार्य’ या राशीला नेमकी गणिती व्याख्या 1829 साली फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसने दिली. शक्तीच्या एककाला वॅटचं नाव द्यावं, ही सूचना 1882 सालची.

पण फळ्यावरचं गणित फक्त वेग वाढवण्यापुरतं असतं. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला त्या हिशेबाने शक्तीच लागू नये! लागते, कारण हवा अडवते. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असा विचार न्यूटनने 17व्या शतकातच मांडला होता. त्याला पुन्हा वेगाने गुणलं की शक्ती घनाच्या प्रमाणात जाते: वेग दुप्पट, तर हवेसाठी लागणारी शक्ती आठपट. कार्ल बेंझच्या 1886च्या तीनचाकीचं पाऊण अश्वशक्तीत भागलं, कारण ती ताशी 16 किलोमीटरच्या आसपासच धावायची.

आता आपल्या रस्त्यावर या. ठाणे-बेलापूर रोडवर मोकळ्या वेळी ताशी 80 किलोमीटरने जाणाऱ्या त्याच 1000 किलोच्या गाडीला हवेचा विरोध साधारण 207 न्यूटन आणि टायरचा 118 न्यूटन धरा. बेरीज 325, गुणिले 22.2 मीटर प्रति सेकंद, म्हणजे 7.2 किलोवॅट. जेमतेम 10 अश्वशक्ती! गायमुखच्या घाटात, समजा वीस मीटरला एक मीटर चढ आहे आणि वेग ताशी 40 आहे, तर नुसत्या चढासाठी आणखी 5.4 किलोवॅट, म्हणजे 7 अश्वशक्ती. ही सगळी शक्ती चाकापाशी हवी. गिअरबॉक्समध्ये काही भाग वाया जातो, म्हणून इंजिनाला त्याहून थोडं जास्तच द्यावं लागतं.