पोस्टग्रेसचा बॅकअप हलका कसा होत गेला

रात्री बॅकअप सुरू झाला की क्वेऱ्या रेंगाळतात, ही तक्रार आजही बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवाले यावर पंचवीसेक वर्षं काम करतायत, आणि माझ्या मते दरवेळी झालंय ते एकच, बॅकअपचा भार एका जागेवरून उचलून जिथं कमी त्रास होईल तिथं टाकलाय.

१९९९ ला ६.५ या आवृत्तीत एमव्हीसीसी आलं, म्हणजे एकाच नोंदीच्या जुन्या-नव्या प्रती ठेवल्या जातात आणि वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, त्यामुळे पीजी-डंप हे बॅकअपचं टूल एक स्नॅपशॉट (त्या क्षणाचं डेटाचं चित्र) धरून चालू डेटाबेसचा डंप काढू लागला. लॉकचा त्रास गेला पण खरी गोम इथेच आहे आणि अजूनही लोक ती बघत नाहीत: डंप सहा तास चालला तर तो स्नॅपशॉट सहा तास उघडा राहतो, तेवढ्या वेळात मेलेल्या रो (नोंदींच्या जुन्या प्रती) व्हॅक्यूमला, म्हणजे सफाईच्या कामाला, काढता येत नाहीत, सतत अपडेट होणारी टेबलं फुगत जातात आणि मग बॅकअप संपला तरी सकाळी सिस्टिम जडच, आणि आपण डिस्कला दोष देत बसतो. दुसरा त्रास कॅशेचा, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या डेटाचा होता, अख्खी टेबलं वाचताना कामाचा डेटा बाहेर ढकलला जायचा, तो २००८ च्या ८.३ ने बराच कमी केला, मोठ्या स्कॅनला शेअर्ड बफर्समधली (पोस्टग्रेसच्या त्या कॅशेतली) २५६ केबीची छोटी रिंगच दिली.

मधे २००५ ला ८.० आलं होतं, त्यात फाइलींची सरळ कॉपी आणि सोबत वॉल (WAL, प्रत्येक बदलाची नोंदवही) आर्काइव्ह करून ठेवायची सोय, म्हणजे रोज डंप काढायची गरजच संपली. पण कॉपी चालू असताना फुल पेज राइट्स (बदललेलं पान वॉलमध्ये पूर्ण लिहिणं) चालूच ठेवावे लागतात आणि अख्खा डेटा डिस्कवरून वाचावा लागतो, म्हणजे भार आता आयओवर (डिस्कच्या वाचन-लेखनावर) आला.

मग ९.१ मध्ये अशी कॉपी काढणारं पीजी-बेसबॅकअप हे टूल, ९.२ पासून तोच बॅकअप स्टँडबायवरून (मुख्य सर्व्हरची, म्हणजे प्रायमरीची, प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) घ्यायची सोय (मला विचाराल तर सगळ्यात मोठा दिलासा हाच, प्रायमरीची डिस्क मोकळी राहते), आणि २०१४ च्या ९.४ मध्ये मॅक्स-रेट हा पर्याय, म्हणजे वेग बांधून द्या, बॅकअपला वेळ लागू दे पण युजरला नको.

सप्टेंबर २०२४ ला १७ मध्ये इन्क्रिमेंटल बॅकअप, म्हणजे आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच घेणारा बॅकअप, आला. समराइझ-वॉल हे सेटिंग चालू असलं की कुठले ब्लॉक बदलले याची नोंद राहते आणि तेवढेच पाठवले जातात. रिस्टोअरच्या वेळी मात्र पीजी-कंबाइनबॅकअप या टूलने सगळे तुकडे जोडावे लागतात, ते काम वेगळ्या मशीनवर करता येतं.