प्रोबेशन मिळालं म्हणजे सुटला? अमेरिकेत तरी नाही

प्रोबेशन म्हणजे जेलऐवजी अटी पाळत, ऑफिसरच्या देखरेखीखाली बाहेर राहायची शिक्षा. "प्रोबेशन मिळालं म्हणजे सुटलाच की" आणि "प्रोबेशन वाढलं की जेलं रिकामी होतात", अमेरिकेबद्दलच्या या दोन्ही समजुती वर्षानुवर्षं फिरतायत आणि दोन्ही चूक आहेत. १८४१ मध्ये बॉस्टनच्या जॉन ऑगस्टस या बूट बनवणाऱ्या माणसाने एका दारुड्याला कोर्टातून जामिनावर सोडवलं, प्रोबेशनची सुरुवात इथूनच मानतात, तेव्हा हेतू खरंच जेल टाळायचा होता. पण १९८० नंतर जेल आणि प्रोबेशन दोन्ही एकदमच फुगले, २००७ च्या आसपास प्रोबेशनवरची माणसं ४२ लाखांच्या वर गेली. कारण सरळ आहे, एरवी जेलमध्ये गेलेच नसते असे कितीतरी किरकोळ गुन्हेवालेही यात ओढले गेले, समाजशास्त्रज्ञ मिशेल फेल्प्स यांनी हे नीट मांडलंय.

आणि अटी बघा ना. ऑफिसरकडे हजेरी, लघवीची टेस्ट, परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही, बऱ्याच ठिकाणी वर देखरेखीची फी पण आपणच भरायची, म्हणजे कामावरून सुट्टी मिळाली नाही म्हणून हजेरी चुकली तरी नवा गुन्हा न करता माणूस आत जाऊ शकतो. अट मोडली का हे ठरवणाऱ्या सुनावणीत ज्युरी नसते आणि पुरावाही खटल्यापेक्षा कमी चालतो, मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. रॅपर मीक मिलला २०१७ मध्ये जवळपास दहा वर्षं जुन्या केसच्या प्रोबेशनवरून २ ते ४ वर्षांची शिक्षा झाली, नव्या कुठल्याही गुन्ह्यात तो दोषी ठरला नसताना!