उंदीर आजारीच पडेना

२०२०च्या सुरुवातीला जगभरातल्या विषाणूतज्ज्ञांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. नवा विषाणू हाती आला होता, त्याची जनुकीय संहिता जानेवारीतच जाहीर झाली होती आणि प्रयोगशाळांत पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांना तोटा नव्हता. पण उंदराच्या नाकात करोनाचा विषाणू सोडला, तरी उंदीर आपला ठणठणीत. खातोय, पितोय, पिंजऱ्यात बागडतोय. औषध किंवा लस तपासायची तर आधी आजारी पडणारा प्राणी हवा, आणि नेमका तोच मिळत नव्हता.

कारण होतं एसीई-२ नावाच्या प्रथिनात. माणसाच्या नाकातल्या, फुप्फुसातल्या पेशींच्या पृष्ठभागावर हे प्रथिन असतं आणि करोनाचा विषाणू आपल्या काट्याने, म्हणजे स्पाइक प्रथिनाने, त्यालाच पकडून पेशीत शिरतो. उंदरातही एसीई-२ असतं, पण त्याची घडण जराशी वेगळी. तेवढ्या फरकाने वुहानच्या मूळ विषाणूची पकड सुटत होती.

उपाय मात्र तेरा वर्षांपूर्वीच तयार होता. सार्स हा करोनाच्याच कुळातला विषाणू, तोही एसीई-२ पकडूनच पेशीत शिरणारा. त्याच्या २००३च्या साथीनंतर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्टॅनली पर्लमन आणि पॉल मॅक्रे यांच्या गटाने माणसाचं एसीई-२चं जनुक घातलेले उंदीर तयार केले होते. त्यांवरचा शोधनिबंध २००७ सालचा. सार्स ओसरला तसं त्या उंदरांना कुणी विचारीना. सुदैवाने त्यांचं वीर्य गोठवून ठेवलेलं होतं. २०२०मध्ये जॅक्सन लॅबोरेटरी या संस्थेने त्यातून ही जात पुन्हा उभी केली. तिचं नाव के१८-एचएसीई२. हे उंदीर करोनाने आजारी पडत. खरं तर जरा जास्तच पडत, पण त्याबद्दल पुढे.

कसलीही जनुकीय कारागिरी न करता आपसूक आजारी पडणारा एक प्राणी लवकरच सापडला: सोनेरी हॅमस्टर. गालांच्या पिशव्यांत दाणे कोंबणारा, लहान मुलं हौसेने पाळतात तो. १९३०मध्ये इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळून एक मादी आणि तिची पिल्लं पकडून आणली. आज प्रयोगशाळांतले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्या एकाच कुटुंबाचे वंशज आहेत. हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी २०२०मध्ये दाखवून दिलं, की विषाणू नाकात गेल्यावर हॅमस्टरचं वजन घटतं, फुप्फुसांना सूज येते, शेजारच्या हॅमस्टरला लागण होते आणि दोनेक आठवड्यांत तो पुन्हा सावरतो. माणसांत बहुतेकांचं असंच होत होतं.

माकडांची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. कोव्हॅक्सिनची चाचणी रिसस माकडांवर करायची ठरली, पण प्रयोगासाठी पैदास केलेली अशी माकडं भारतात नव्हती. रानातून पकडून आणायची, तर टाळेबंदीमुळे माणसांची वर्दळ थांबलेली. उष्टंखरकटं मिळेना म्हणून माकडंही आत जंगलात निघून गेली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी ही हकिकत सांगितली आहे. महाराष्ट्राच्या वनविभागाने माग काढला आणि शेवटी नागपूरजवळ माकडं हाती लागली. वीस माकडं, पाच-पाचचे चार गट, पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तीन गटांना लस, एकाला नुसतंच द्रावण; मग सर्वांच्या श्वसनमार्गात विषाणू. लस न मिळालेल्या गटात न्यूमोनियाची लक्षणं दिसली, लस घेतलेल्यांत दिसली नाहीत.

विषाणू स्थिर राहिला असता तर एवढ्यावर भागलं असतं. पण तो बदलत गेला आणि मग प्रत्येक नव्या अवताराबद्दल तेच दोन प्रश्न: हा जास्त पसरतो का, आणि जास्त छळतो का? रुग्णालयातल्या आकड्यांवरून याचं उत्तर काढणं अवघड असतं. कुणाचं वय जास्त, कुणाला मधुमेह, कुणी लस घेतलेली, कुठे खाटाच नाहीत. हॅमस्टर मात्र एका वयाचे, एका वंशाचे, एकाच मात्रेने बाधित केलेले. फरक पडला तर तो विषाणूचाच.

याचं सुरेख उदाहरण म्हणजे डी६१४जी हे पहिलं मोठं उत्परिवर्तन, म्हणजे विषाणूच्या काट्यात झालेला बदल. बाधित हॅमस्टर एका बाजूला, निरोगी दुसऱ्या बाजूला, मध्ये फक्त हवा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नव्या विषाणूच्या शेजारी ठेवलेल्या आठपैकी पाच हॅमस्टरना लागण झालेली, जुन्याच्या शेजारी ठेवलेल्यांपैकी एकालाही नाही. प्रसाराचा वेग इतका उघड दिसणं विरळाच.

२०२१च्या वसंतात विषाणूचं बी.१.६१७ हे कूळ महाराष्ट्रातल्या नमुन्यांत वाढू लागलं, तेव्हा पुण्यात हाच मार्ग धरला गेला. त्या कुळातल्या कप्पा या शाखेने बाधित झालेल्या हॅमस्टरचं वजन आधीच्या बी.१ प्रकारापेक्षा जास्त घटलं आणि फुप्फुसांची हानीही अधिक झाली. डेल्टा हे त्याच कुळातलं भावंड. ते काय करू शकतं, हे तोवर आपण घरोघरी पाहत होतोच.

दरम्यान, आजारी न पडणाऱ्या साध्या उंदराने एक वेगळीच गोष्ट सांगितली. चिनी शास्त्रज्ञांनी एका उंदरातून दुसऱ्यात असा सहा वेळा विषाणू फिरवला, तेव्हा तो उंदराला सरावला आणि त्याच्या काट्यात एन५०१वाय हा बदल झालेला आढळला. हे २०२०च्या सप्टेंबरात छापून आलं. तीनच महिन्यांनी ब्रिटनमध्ये अल्फा प्रकार उजेडात आला, त्यातही हाच बदल. पुढे बीटात आणि गॅमातही तोच. त्यामुळे बीटा आणि गॅमा साध्या उंदरांनाही बाधित करू लागले.

मग २०२१च्या नोव्हेंबरात ओमिक्रॉन आला. काट्यावर तिसाहून अधिक बदल बघून सगळ्यांची झोप उडाली. पण काही आठवड्यांतच अनेक प्रयोगशाळांतून एकसारखं उत्तर येऊ लागलं: हॅमस्टरचं वजन जेमतेम घटतंय, फुप्फुसात विषाणू कमी आहे. डेल्टा पेशीच्या पृष्ठभागावरच्या टीएमपीआरएसएस-२ या विकराकडून (एन्झाइमकडून) आपला काटा कापून घेऊन थेट आत घुसतो. फुप्फुसाच्या पेशींत त्याला ही सोय छान मिळते. ओमिक्रॉन त्या विकराचा तितका वापर करत नाही. पेशी त्याला गिळून घेते, त्या वाटेने तो बरेचदा जातो. म्हणून त्याचा मुक्काम फुप्फुसापेक्षा वरच्या श्वसनमार्गात जास्त.

उत्तर बरोबर होतं, पण ते ‘डेल्टापेक्षा सौम्य’ एवढंच होतं. बातम्यांत त्यातला ‘डेल्टापेक्षा’ गळून गेला. २०२२च्या सुरुवातीला ओमिक्रॉन हाँगकाँगमध्ये पोहोचला. तिथल्या अनेक वृद्धांनी लस घेतली नव्हती. काही आठवड्यांत सुमारे नऊ हजार माणसं दगावली.

आणि आता ते जरा जास्तच आजारी पडणारे के१८ उंदीर. २०२२च्या ऑक्टोबरात बोस्टन विद्यापीठातल्या गटाने मूळ विषाणूला ओमिक्रॉनचा काटा जोडून पाहिला. ओमिक्रॉनचा मवाळपणा काट्यात आहे की आणखी कुठे, हे त्यांना तपासायचं होतं. या जोडविषाणूने ८० टक्के उंदीर मेले आणि ‘८० टक्के मारक करोना बनवला’ असे मथळे झळकले. त्याच प्रयोगात मूळ विषाणूने शंभर टक्के उंदीर मारले होते, हे मथळ्यात मावलं नाही. माणसांत तोच मूळ विषाणू शंभरातल्या एखाद्याच्या जिवावर उठत होता. या उंदरांत विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो आणि बरेच उंदीर त्यामुळे मरतात. म्हणजे त्यांच्या मृत्यूचा आकडा दोन विषाणूंची आपसात तुलना करायला ठीक; माणसाचं भविष्य त्यावरून वर्तवणं म्हणजे तराजूने ताप मोजणं.

आता तर अडचण उलटी झाली आहे. लस किंवा संसर्ग, काही ना काही प्रतिकारशक्ती नसलेला माणूस शोधूनही सापडणार नाही, आणि पिंजऱ्यातला कोरा हॅमस्टर मात्र अजून २०२०तच आहे. म्हणून बऱ्याच प्रयोगांत आता हॅमस्टरला आधी लस टोचतात किंवा जुन्या प्रकाराने एकदा आजारी पाडतात, काही आठवडे थांबतात आणि मगच नवा व्हेरियंट त्याच्या नाकात सोडतात.